कार्डातल्या पारदर्शक खिडकीला डाग का पडतात, कागद का वाकतो?

तुम्ही कार्डाच्या खिडकीला ओएचपी शीट (प्रोजेक्टरसाठी वापरतात ती पारदर्शक प्लास्टिकची शीट) फेव्हिकॉलने लावलीत, कडेला पांढरट डाग राहिले, कागद वाकला आणि स्केचपेनने लिहिलेलं नाव बोट लागताच पुसलं गेलं. दुसरी शीट ठाण्यात कुठे मिळेल, असं विचारलंय. शीट बदलू नका, गोंद बदला.

फेव्हिकॉल वाळतो तो त्यातलं पाणी उडून गेल्यावर. प्लास्टिकमधून पाणी जात नाही, त्यामुळे ते सगळं कागद पितो आणि फुगतो. मधला गोंद मात्र ओलाच राहतो. ठाण्याच्या पावसाळी हवेत तर फारच. झटपट चिकटणारा सुपरग्लूही नको, त्याची वाफ आजूबाजूला पांढरी बसते आणि ती निघत नाही.

मी 6 मिमी रुंदीची डबल साइड टेप वापरते. खिडकी 8×8 सेंमी असेल तर शीट 10×10 कापायची, म्हणजे चारी बाजूंनी 1 सेंमी मिळतो. टेप कार्डाच्या मागच्या बाजूला, खिडकीच्या कडेपासून 2 मिमी सोडून लावा. शीट एका कडेने टेकवत हळूहळू खाली आणा. एकदा बसली की सरकवता येत नाही. वरून कागदाची दुसरी चौकट लावली की कार्ड उघडल्यावर टेप दिसत नाही. कापताना स्टीलची पट्टी आणि कटर घ्या, हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवा. एकदाच जोर दिला तर पातं घसरतं.

स्केचपेनची शाई पाण्यातली, ती शीटमध्ये मुरत नाही, वरच थेंब धरते. परमनंट मार्कर घ्या. बोटांचे ठसे लिहिण्याआधीच स्पिरिटने पुसा, कारण नंतर पुसलंत तर मार्करही जाईल. अक्षर सुबक हवं असेल तर कागदावर लिहून शीटखाली ठेवा आणि गिरवा.

आत टिकल्या, चमकी खुळखुळणारं कार्ड करायचं असेल तर खिडकीभोवती लावलेल्या फोम टेपच्या (जाड, स्पंजासारख्या डबल साइड टेपच्या) कोपऱ्यांत फट ठेवू नका, चमकी तिथूनच सांडते. बंद करण्याआधी शीटची आतली बाजू टाल्कम पावडर लावलेल्या कोरड्या ब्रशने पुसा, नाहीतर स्थिर विजेने चमकी शीटला चिकटून बसते.

शीट लागलीच तर जांभळी नाक्याच्या बाजारात स्टेशनरीच्या दुकानांत विचारा, किंवा कोणत्याही झेरॉक्सवाल्याकडे. खिडकीला साधारण 100 मायक्रॉन (0.1 मिमी) जाडी पुरे. स्पायरल बाइंडिंगचं जाड कव्हर मोठ्या खिडकीला चांगलं. छपाई करायची असेल तर इंकजेटची शीट लेझर प्रिंटरमध्ये घालू नका, गरम रोलरला वितळून चिकटू शकते. आणि नवी शीट धुरकट दिसली तर आधी कोपऱ्याला सेलोटेप लावून ओढून पाहा, काही शीटवर संरक्षक पापुद्रा असतो.