कायम केलं की माणूस ढिला पडतो का?

तुमचा प्रश्न असा: असेंब्ली लाइनचा वेग वाढलाय, मग हेल्परांना कायम करावं की सात महिन्यांनी ब्रेक देण्याचा, म्हणजे कामावरून कमी करण्याचा, धाक ठेवावा, काम कशाने जास्त निघेल? धाकाने आकडा निघतो, यात वाद नाही. पण तो आकडा रिवर्क, म्हणजे चूक झाल्याने पुन्हा करावं लागलेलं काम, वजा करून बघा.

एका गाडीमागे साठ सेकंदांचा सायकल टाइम, चार बोल्ट. तिसरा क्रॉस, म्हणजे आटे चुकून तिरका बसतो. टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेला जोर लागला की आवाज करणारा पाना, लवकरच कट्ट वाजतो, पण बोल्टचं डोकं पुरतं टेकलेलं नसतं. हे त्या स्टेशनवरच्या हातालाच कळतं. सहा महिने भरलेला, ब्रेकच्या यादीची वाट बघणारा पोरगा अशा वेळी काय करतो? पेंट मार्करची खूण मारतो आणि गाडी पुढे सोडतो. लाइन थांबवली तर नाव लागेल, ही भीती. पुढच्या स्टेशनला वर कव्हर बसतं आणि दोन मिनिटांचं काम शेवटी अर्ध्या दिवसाचं होऊन बसतं.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचं उदाहरण यासाठी फार मोलाचं आहे. जनरल मोटर्सने तिथला कारखाना १९८२ मध्ये बंद केला, तेव्हा गैरहजेरी २० टक्क्यांच्या आसपास असायची. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो 'नूमी' नावाने सुरू झाला. सुमारे ८५ टक्के कामगार जुनेच, युनियनही तीच. काम उलट कडक झालं: आधी मिनिटातले ४५ सेकंद हात चालायचे, आता ५७. तरी गैरहजेरी तीन-चार टक्क्यांवर आली. करारातच लिहिलं होतं की कामगार कपातीआधी वरिष्ठांचे पगार कापायचे, बाहेर दिलेलं काम आत आणायचं. १९८८ च्या सुमारास खप पडून कारखाना ६० टक्के क्षमतेवर आला, तेव्हाही कुणाला घरी पाठवलं नाही. रिकाम्या हातांना ट्रेनिंगला बसवलं.

पण नुसत्या हमीवर हे झालं नाही. कामाची पद्धत टीमने स्वतः स्टॉपवॉच लावून लिहिली, आणि चार-सहा जणांमागे अडचण आली की ओढायची दोरी ओढताच धावून येणारा टीम लीडर होता. एवढ्या वेगात मदतीला माणूस नसेल, तर कायम कामगारही थकून गैरहजर राहायला लागतो.

तुमच्याकडे सगळ्यांना कायम करणं हातात नसेल, तर तसं पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. आशेवर ठेवू नका. कायम होणाऱ्यांच्या पहिल्या यादीत सुपरवायझरच्या मर्जीतली नावं दिसली की उरलेल्यांचं मन कामातून उठतं, आणि ते परत बसत नाही. निकष लेखी लावा: हजेरी, किती स्टेशन स्वतंत्रपणे येतात, किती दोष स्वतःहून दाखवले. लाइन किती वेळा थांबवली, हे कधीही कुणाच्या विरुद्ध मोजू नका. ब्रेकची तारीख दोन महिने आधी कळवा. शेवटच्या आठवड्यापर्यंत टांगून ठेवलं की लक्ष दुसरी नोकरी शोधण्यात जातं आणि चुका तिथेच वाढतात.

आणि मुख्य अडचण आधीच लक्षात ठेवा. हमी दिल्यावर पहिल्या महिन्यात नोंदलेले दोष वाढतील. मॅनेजर म्हणतील, बघा, ढिले पडले. तेव्हा लाइनवर नोंदलेले दोष आणि अंतिम तपासणीत सापडलेले दोष असे दोन आकडे शेजारी मांडा. पहिला वाढतोय आणि दुसरा घटतोय, तर माणसं आता खूण मारून गाडी पुढे सोडत नाहीत, हाक मारतायत. दोन्ही वाढले, तर टीम लीडर किती सेकंदांत पोचतो ते मोजा.