खोट्या मापावर सही केली नाही म्हणून बदली

प्रश्न : ताई, मी राज्य सरकारच्या एका खात्यात कनिष्ठ अभियंता आहे, नाव-गाव छापू नका. एका रस्त्याच्या कामात एमबीत (कामाच्या मोजमाप वहीत) जेवढी खडी दाखवायची होती तेवढी साइटवर नव्हतीच, मी सही करायला नकार दिला आणि वरच्या साहेबांना लेखी कळवलं. तर दीड वर्षातच बदली, तीही नोव्हेंबरमध्ये, मुलांची शाळा चालू, घरी सासूबाई आजारी. आता वाटतं सगळे फोटो फेसबुकवर टाकून द्यावेत. बोलण्याचं स्वातंत्र्य मलाही आहेच ना? आणि त्या व्हिसलब्लोअर (गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या) कायद्याचं संरक्षण कसं मागायचं?

उत्तर : आधी फेसबुक बंद करा, मग बाकीचं वाचा.

स्वातंत्र्य आहे हो. 1962 मध्येच सुप्रीम कोर्टाने कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार सरकार या केसमध्ये सांगितलंय की सरकारी नोकरीत आलं म्हणून माणसाचे मूलभूत हक्क संपत नाहीत. 2020 मध्ये त्रिपुरा हायकोर्टानेही एका कर्मचारी बाईंच्या फेसबुक पोस्टवरून हेच म्हटलं. पण या निकालांपर्यंत पोचायला माणसं वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, आणि तुमच्या डोक्यावर 1979 चे वर्तणूक नियम आहेत, सरकारवर जाहीर टीका नको, परवानगीशिवाय कागद बाहेर द्यायचे नाहीत वगैरे. त्यात जुलै 2025 मध्ये राज्याने सोशल मीडियाचा वेगळा जीआरच काढला. म्हणजे तुम्ही पोस्ट टाकली की चर्चा खडीवरून उडून थेट तुमच्या पोस्टवर येणार, आणि डीई (खात्याची चौकशी) त्यांच्याऐवजी तुमची लागणार. कशाला आयतं कोलीत द्यायचं त्यांच्या हातात!

आता तो कायदा. 2014 मध्ये संसदेने पास केला, राष्ट्रपतींची सहीही झाली, आणि वाचला तर खरंच छान आहे, त्रास दिला नाही हे खात्याने सिद्ध करायचं असं त्यात लिहिलंय, तक्रारदाराचं नाव फोडणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद. फक्त तो लागूच केलेला नाही! लागू होण्याची तारीख केंद्राने जाहीर करायची होती, ती केलीच नाही. उलट 2015 मध्ये त्याला बोथट करणारं दुरुस्ती विधेयक आणलं, लोकसभेत पासही झालं, आणि 2019 मध्ये लोकसभेची मुदत संपल्यावर तेही गेलं. त्यामुळे अर्जात या कायद्याचं नाव टाकून काही होणार नाही, मला हे लिहितानाही संताप येतो.

तुमच्या कामाचा कायदा वेगळाच आहे, 2005 चा आपला बदली कायदा. साधारण 3 वर्षांचा कार्यकाळ, बदल्या एप्रिल-मेमध्ये. मध्येच बदली करायची तर खास कारण लेखी नोंदवायचं आणि वरच्या सक्षम अधिकाऱ्याची आधी मंजुरी घ्यायची. नोव्हेंबरची ऑर्डर या दोन गोष्टींवरच बऱ्याचदा लटकते. 'प्रशासकीय कारणास्तव' एवढंच लिहिलं असेल तर तुमच्यासाठी उत्तमच, ते काही खास कारण नव्हे. माहिती अधिकारात बदलीच्या फाइलवरच्या टिपण्या मागा, पण त्यांची वाट बघत बसू नका, आजच वकील गाठून मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जा. कार्यमुक्त झालात आणि तुमच्या जागी दुसरा हजर झाला की स्टे मिळणं फार अवघड होतं.

आणि साहेबांना दिलेल्या त्या पत्राची आवक क्रमांकाची पोच आहे ना? तारखा बोलतात. पत्र आधी, बदली नंतर, हे कागदावर दिसलं पाहिजे.  उद्या निलंबन आलंच तर सुप्रीम कोर्टाच्या 2015 च्या अजयकुमार चौधरी निकालाप्रमाणे 3 महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर ते पुढे रेटू नये. खडीची तक्रार अँटी करप्शनला (1064) किंवा लोकायुक्तांकडे वेगळी करा, बदलीच्या अर्जात त्याची खिचडी नको.

प्रश्न : माझा भाऊ केंद्र सरकारच्या ऑफिसात आहे, त्याला निनावी पत्र पाठवायचंय. चालेल?

उत्तर : निनावी नको, ते फाइल होतं. केंद्राच्या लोकांसाठी 2004 चा पीआयडीपीआय ठराव आहे, तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवून त्याला संरक्षण देणारा (राज्यवाल्यांना तो लागत नाही). तो आला सत्येंद्र दुबेंमुळे. हायवे प्राधिकरणाचा तरुण इंजिनिअर, सुवर्ण चतुष्कोनाच्या कामातल्या भ्रष्टाचाराबद्दल पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं, नाव गुप्त ठेवा म्हणून विनंती केली, पण पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं आणि 27 नोव्हेंबर 2003 ला गयेत त्यांना गोळ्या घातल्या.

तेव्हा भावाने तक्रार बंद पाकिटात केंद्रीय दक्षता आयोगाच्या सचिवांच्या नावे पाठवावी, पाकिटावर पीआयडीपीआय लिहावं, स्वतःचं नाव-पत्ता फक्त आतल्या पत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटी, आणि मजकुरात 'मी ज्या टेबलावर बसतो' छापाचं काही नको, तिथेच माणूस ओळखू येतो. नंतर आयोगाचं पत्र येतं, तक्रार तुमचीच का म्हणून, त्याला उत्तर द्यायला विसरू नये. पोस्टात पाठवणाऱ्याचं नाव मागितलं तर नाही सांगायचं, या पाकिटांसाठी नावाचा आग्रह धरू नका अशी पोस्टाला सूचना आहे. आणि हो, ते पत्र ऑफिसच्या कॉम्प्युटरवर टाइप करू नका म्हणावं.