राउटर-स्विचच्या कंपन्या सॉफ्टवेअर स्थिर करायचं सोडून नवी फीचर्सच का आणत राहतात?

कारण खरेदी फीचर्स बघून होते. टेंडरसोबतच्या कंप्लायन्स तक्त्यात ओळीमागून ओळी असतात: ईव्हीपीएन (लांबची नेटवर्कं एकाच लॅनसारखी जोडणं) आहे का, मॅकसेक (लिंकवरचं एन्क्रिप्शन) आहे का, टेलिमेट्री (उपकरणाने स्वतःहून आकडेवारी पाठवणं) आहे का. एका ओळीपुढे 'नाही' आलं तरी कंपनी बाद होऊ शकते. 'आपोआप किती वेळा रीबूट होतो' ही ओळ बहुधा नसतेच, आणि असली तरी उत्तर पडताळायचं कसं? शिवाय एका मोठ्या ग्राहकासाठी केलेलं फीचर सगळ्यांच्याच इमेजमध्ये (उपकरणावर चढवायच्या सॉफ्टवेअर फाइलमध्ये) येतं, तुम्ही ते वापरा किंवा नका वापरू.

टेस्टिंगचीही मर्यादा आहे. नुसती २० फीचर्स चालू-बंद करता येत असली तरी १०,४८,५७६ कॉम्बिनेशन्स होतात. त्यात काही बग वेळ भरल्याशिवाय दिसतच नाहीत. वेळ १० मिलिसेकंदांच्या टप्प्याने मोजणारा ३२ बिटांचा काउंटर ४९७ दिवसांनी शून्यावर येतो (एसएनएमपी या देखरेखीच्या प्रोटोकॉलमधला सिसअपटाइम, म्हणजे सुरू झाल्यापासूनचा वेळ, असाच आहे). काउंटर साइन्ड (ऋण आकडेही धरणारा) असेल तर २४८ दिवसांतच निगेटिव्ह होतो. नवी वेळ जुनीपेक्षा मोठीच असणार असं कोडमध्ये धरलेलं असेल, तर त्या दिवशी टायमर अडकतात. लॅबमध्ये काही आठवडे चालवून हे सापडत नाही. आणि स्टँडबाय (मुख्य बंद पडला तर काम घेणारा) राउटर त्याच दिवशी सुरू केलेला असेल तर तोही सोबतच जातो, म्हणून जोडीतले दोन्ही राउटर वेगवेगळ्या महिन्यांत रीबूट करा. ही काळजी फार कमी लोक घेतात.

रिलीज निवडताना आकड्यांकडे नीट बघा. सिस्कोच्या आयओएस एक्सई या सॉफ्टवेअरमध्ये १७.६, १७.९, १७.१२ अशी दर तिसरी रिलीज जास्त काळ देखभालीची असते. मधल्यांच्या वाटेला जाऊ नका. ज्युनिपरच्या जुनॉस या सॉफ्टवेअरमध्ये २१.४आर३ मधला 'आर३' म्हणजे त्याच रिलीजची तिसरी आवृत्ती, मुख्यतः दुरुस्त्यांची. आर१ प्रॉडक्शनवर (प्रत्यक्ष चालू नेटवर्कवर) टाकू नये, असं माझं ठाम मत आहे.

अपग्रेडआधी रिलीज नोट्समधले न सुटलेले बग वाचा, पण तुम्ही वापरता त्याच फीचर्सचे. न लागणाऱ्या सर्व्हिसेस बंद ठेवा. जुनी इमेज फ्लॅशवर (उपकरणातल्या स्टोरेजवर) राहू द्या. अपग्रेडनंतर रोज ठरलेल्या वेळी प्रोसेसनिहाय मेमरी नोंदवा. ट्रॅफिक तेवढाच असताना एखाद्या प्रोसेसचा आकडा रोज थोडा-थोडा चढत असेल तर तो मेमरी लीक (घेतलेली मेमरी परत न सोडणं) समजा आणि मेमरी संपायची वाट न बघता कंपनीच्या सपोर्टकडे केस उघडा.

पुढच्या टेंडरमध्ये एक अट जरूर घाला: गंभीर बगची दुरुस्ती आम्ही चालवतो त्याच रिलीजवर मिळाली पाहिजे, 'नव्या रिलीजवर या' हे उत्तर चालणार नाही.