जुने कोल्ट आणि त्याचे नक्षीदार होल्स्टर: दोन्ही वेगवेगळे तपासा, वेगवेगळे ठेवा

आपण लिहिले आहे की, कोलोरॅडोतील एका घराच्या सामानविक्रीत कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी हे रिव्हॉल्व्हर आणि फुलापानांची नक्षी असलेले चामडी होल्स्टर (कमरेला अडकवायचे रिव्हॉल्व्हरचे म्यान) आपल्याला एकत्र मिळाले. आता चामड्याला तेल देऊन, धातू चमकवून, रिव्हॉल्व्हर त्याच होल्स्टरमध्ये घालून ते काचेच्या कपाटात मांडायचे आहे. माझी कळकळीची विनंती आहे की, तेल आणि पॉलिश तूर्त बाजूला ठेवावे. प्रथम जाणकाराकडून रिव्हॉल्व्हर रिकामे असल्याची खात्री करून घ्यावी आणि ते झाडण्याचा विचारही करू नये, कारण या मॉडेलची सुरुवातीची रिव्हॉल्व्हरे काळ्या दारूच्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या कमी दाबाच्या, काडतुसांसाठी बनलेली होती.

अमेरिकी लष्कराने हे मॉडेल 1873 मध्ये स्वीकारले. घोडदळाच्या रिव्हॉल्व्हरची नळी साडेसात इंचांची असे. अनुक्रमांक सांगाड्यावर, ट्रिगर गार्डवर (चापाभोवतीच्या कडीवर) आणि मुठीच्या पट्टीवर असतो. तिन्ही जुळले तर उत्तमच. मात्र ते जुळले नाहीत म्हणून लगेच निराश होऊ नका. सांगाड्यावर ‘यू. एस.’ असा ठसा असेल आणि नळी साडेपाच इंचांची असेल, तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लष्करासाठी नळ्या कापून दुरुस्त केलेल्या, ‘आर्टिलरी’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या रिव्हॉल्व्हरांपैकी ते असू शकते, आणि त्या दुरुस्तीत सुटे भाग एकमेकांत मिसळले गेले होते. कडा गोलसर आणि अक्षरे उथळ दिसली, तर मात्र कोणीतरी नंतर घासून नवा मुलामा दिल्याची शंका घ्यावी. मूळ झिजलेला करडा पृष्ठभाग अशा चकाकीपेक्षा कितीतरी मोलाचा असतो.

कोल्ट कंपनीच्या दप्तरातून अनुक्रमांकावरून पत्र मागवता येते. रिव्हॉल्व्हर कारखान्यातून केव्हा आणि कोणाकडे गेले, नळीची लांबी व मुलामा काय होता, हे त्यातून कळू शकते. होल्स्टरबद्दल ते पत्र बहुधा काहीच सांगणार नाही, कारण अशी होल्स्टरे गिऱ्हाईक खोगीर बनवणाऱ्या कारागिराकडून घेत असे.

म्हणूनच होल्स्टरकडे अधिक बारकाईने पाहावे असे मला वाटते. चामड्याचा वरचा पदर मागच्या बाजूस खाली दुमडून, त्यातील पट्ट्यांच्या फासांतून पिशवी ओवलेली असेल, तर ती मेक्सिकन लूप पद्धत होय. डेन्व्हरचे हायझर, शायेनचे मिनिया, प्वेब्लोचे गॅलप आणि फ्रेझर हे त्या प्रदेशातील नावाजलेले कारागीर. त्यांचा शिक्का सापडला तर किंमत बरीच वाढते. ओलसर चामड्यात सुरीने रेषा कापून, पाने ठोकून उठवलेली नक्षी आणि साच्याने एकदम दाबलेली नक्षी यांतील फरक भिंगाखाली स्पष्ट दिसतो: हाताच्या कामात दोन फुले कधीच तंतोतंत सारखी नसतात. अतिनील दिव्याखाली शिवणीचा दोरा झगझगीत निळसर चमकला, तर तो दोरा अलीकडचा असण्याची शक्यता मोठी. आतील बाजूस सिलिंडरचा (काडतुसे भरायच्या फिरत्या नळकांड्याचा) दाबलेला ठसा आपल्या रिव्हॉल्व्हरशी जुळतो का, हेही पाहावे. पण जुळला तरी एकाच मापाची हजारो रिव्हॉल्व्हरे होती, हे ध्यानात असू द्यावे. ही जोडी मूळचीच होती असे म्हणायला त्या कुटुंबाचे जुने छायाचित्र किंवा पावती लागेल. विक्रेत्याकडे त्याची चौकशी आजच करा. घर रिकामे झाले की असे कागद कायमचे हरवतात.

आता जपणूक. वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेल्या चामड्यातील आम्ल आणि ओलावा यांमुळे पोलाद गंजते, आणि पितळेच्या खिळ्यांभोवती हिरवी पुटे चढतात. त्यामुळे रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये कधीही साठवू नये. होल्स्टरमध्ये आम्लरहित कागदाचे बोळे भरून त्याचा आकार राखावा. नीट्सफूट तेलाने (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेल्या, चामड्याला लावायच्या तेलाने) चामडे काळवंडते, नक्षी बुजते, आणि एकदा मुरलेले तेल काढता येत नाही. चामड्यातून लाल भुकटी सुटत असेल, तर संग्रहालयीन संवर्धकाला दाखवावे. धातूवर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ थर पुरतो.

हे रिव्हॉल्व्हर भारतात, आपल्या पुण्याच्या घरी नेण्याबद्दलही आपण विचारले आहे. अमेरिकी संघीय कायद्यात 1898 पर्यंत बनलेले असे शस्त्र अँटिक ठरते, तरी राज्यांचे नियम वेगळे असू शकतात. भारताच्या 1959 च्या शस्त्र कायद्यात केवळ वय पुरत नाही. दुरुस्ती करूनही जे झाडता येणार नाही, अशाच जुन्या शस्त्राला सूट आहे. चालू स्थितीतील कोल्ट लेखी परवानगीशिवाय पुण्याच्या घरी नेण्याचा विचार करू नये.

अनुक्रमांकाचे शेवटचे दोन आकडे झाकून सांगाड्याच्या डाव्या बाजूचे, आणि होल्स्टरच्या पाठीचे व शिवणीचे फोटो दिवसाच्या उजेडात काढून येथे टाकावेत. ते पाहून कारागिराबद्दल अधिक नेमके सांगता येईल.