वाचकांचे प्रश्न : शांतिमोहिमेचं राजकारण कोण सांभाळतं?

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमोहिमांविषयी आलेल्या प्रश्नांपैकी राजकीय विभागाच्या कामाबद्दलचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : शांतिमोहीम म्हटली की निळ्या शिरस्त्राणातले सैनिकच डोळ्यांसमोर येतात. तिथे राजकीय विभाग कशासाठी? त्याचा प्रमुख कोणाच्या हाताखाली असतो?

उत्तर : सैनिक दोन सशस्त्र गटांना रस्त्याच्या दोन बाजूंना थोपवून धरू शकतात. ते गट शस्त्रं ठेवून घरी कशाच्या बदल्यात जातील, हे मात्र वाटाघाटीतच ठरतं. सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांचं दल 1964 पासून आहे. ग्रीक आणि तुर्की सायप्रसवासीयांच्या मधला, दलाच्या देखरेखीखालचा पट्टा बऱ्यापैकी शांत आहे, तोडगा मात्र अजून निघालेला नाही. पूर्व तिमोरचे नेते झोझे रामोस-होर्ता यांच्या अध्यक्षतेखाली शांतिमोहिमांचा आढावा घेणाऱ्या तज्ज्ञ गटाने 2015 मध्ये हेच बजावलं : राजकीय तोडगा पुढे, बाकी सगळं त्याच्या मागे.

मोठ्या मोहिमेच्या शिखरावर महासचिवांचे विशेष प्रतिनिधी असतात. त्यांच्या हाताखाली बहुधा दोन उपप्रतिनिधी : एकाकडे राजकीय बाजू, दुसऱ्याकडे मानवीय मदत आणि विकासाची. सेनापती आणि पोलीस आयुक्त वेगळे. राजकीय विभागाचा प्रमुख सहसा संचालक दर्जाचा, म्हणजे डी-1 किंवा डी-2 श्रेणीचा असतो. विशेष प्रतिनिधी कोणाला भेटणार, तिथे काय बोलणार आणि काय बोलायचं टाळणार, याची तयारी त्याच्याकडे असते. न्यूयॉर्कमध्ये शांतता कार्य विभाग आणि राजकीय व शांतता उभारणी विभाग असे दोन विभाग 2019 पासून आहेत. देशवार काम पाहणारी पथकं मात्र दोघांची सामाईक आहेत.

प्रश्न : नव्या प्रमुखाने पहिल्या महिन्यात काय करावं?

उत्तर : सुरक्षा परिषदेचा ठराव घेऊन बसावं आणि त्यातली क्रियापदं वाचावीत. ‘अधिकार देते’, ‘विनंती करते’, ‘आवाहन करते’ यांचं वजन सारखं नसतं. प्रत्येक राजकीय कामासमोर तीन गोष्टी लिहाव्यात : मोहिमेतला कोणता विभाग ते करेल, कोणत्या पक्षाच्या संमतीवाचून ते अडेल आणि त्याला मुदत आहे का. मग ठरावात काय नाही, तेही लिहून काढावं. ही दुसरी यादी फार थोडे जण करतात, आणि पुढची निम्मी भांडणं तिच्यातूनच उगवतात.

नेपाळचं उदाहरण पाहा. जानेवारी 2007 मध्ये ठराव 1740 ने तिथे मोहीम नेमली, तिचं काम मर्यादित होतं : सरकार आणि माओवादी अशा दोन्ही बाजूंच्या शस्त्रांवर आणि सैनिकांवर देखरेख, आणि संविधानसभेच्या निवडणुकीला मदत. माओवादी लढवय्ये 7 मुख्य आणि 21 उपछावण्यांत होते. पडताळणीत 19,602 जण पात्र ठरले. शस्त्रं कंटेनरमध्ये कुलूपबंद झाली, किल्ली माओवाद्यांकडेच राहिली, देखरेख संयुक्त राष्ट्रांची. ही व्यवस्था टिकली. अडलं ते या लढवय्यांना सैन्यात कसं घ्यायचं यावर. तो वाद सोडवण्याचा अधिकार मोहिमेला नव्हता, पण त्याच्या रेंगाळण्याचा दोष काही अंशी तिच्याच माथी आला. 15 जानेवारी 2011 ला मोहीम संपली आणि एकत्रीकरण नंतर नेपाळी पक्षांनी आपसात पार पाडलं. म्हणून ‘हे आमच्या कक्षेत येत नाही’ असं सर्व पक्षांना पहिल्याच भेटींत, नम्रपणे पण लेखी टिपण ठेवून सांगावं.

याच महिन्यात माणसांचा नकाशा तयार होतो. पद कोणाकडे आहे, यापेक्षा निर्णय कोण घेतं, पैसा कोण पुरवतं आणि बिघडवण्याची ताकद कोणात आहे, हे महत्त्वाचं. अनेकदा मंत्र्यापेक्षा त्याचा खाजगी सचिव, किंवा सेनापतीपेक्षा परदेशातून हवाला पाठवणारा व्यापारी जास्त उपयोगी माहिती देतो. संपर्कांची नोंदवही विभागाची असावी, अधिकाऱ्याच्या फोनमध्ये राहू नये. अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलतात, आणि नोंद नसली की पुढचा माणूस पुन्हा शून्यापासून सुरुवात करतो.

प्रश्न : सशस्त्र गटाच्या नेत्याशी भेट नेमकी कशी आखतात?

उत्तर : आधी उद्देश एका वाक्यात लिहायचा. ‘संबंध वाढवणे’ हा उद्देश झाला नाही. ‘अमुक रस्त्यावरचा नाका उठवायला तो कोणती अट घालतो, हे कळून घेणे’ हा उद्देश झाला. मग सुरक्षा विभागाची मंजुरी, वाहनं, जागा. जागा तटस्थ हवी. कोणाच्या तरी मुख्यालयात, झेंड्याखाली बसून काढलेलं छायाचित्र दुसऱ्या दिवशी प्रचाराचं साहित्य होतं.

मोहिमेकडून किमान दोघांनी जायचं : एक बोलतो, दुसरा लिहितो. बोलणाऱ्याने लिहायला सुरुवात केली की समोरचा आखडतो. दुभाषा आपला असावा, समोरच्या पक्षाने पुरवलेला नको. त्याला आधी विषय, नावं आणि अवघड शब्द सांगून ठेवावेत. ‘युद्धविराम’, ‘शस्त्रत्याग’, ‘एकत्रीकरण’ या शब्दांचे स्थानिक भाषेतले पर्याय आधी ठरवले नाहीत, तर शस्त्रं नोंदवण्याची विनंती समोरच्याच्या कानावर शरणागतीची मागणी म्हणून पडते. दुभाषामार्फतच्या बोलण्याला दुप्पट वेळ लागतो, म्हणून तासाभराच्या भेटीत तीनच मुद्दे घ्यावेत.

एक काळजी आवर्जून घ्यायची. स्थानिक कर्मचारी हा विभागाचा खरा कणा असतो, पण तो त्याच देशात राहतो आणि मोहीम गेल्यावरही तिथेच राहणार असतो. त्याला स्वतःच्या जमातीच्या किंवा तिच्याशी वैर असलेल्या गटाच्या भेटीला पाठवताना दहादा विचार करावा. टिपणात त्याचं नाव ‘माहिती देणारा’ म्हणून कधीच येऊ नये.

टिपण त्याच दिवशी तयार व्हावं. दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या टिपणात समोरच्याचे शब्द कमी आणि आपला अर्थ जास्त असतो. जिथे शब्द नेमके महत्त्वाचे, तिथे ते अवतरणात ठेवावेत. निरीक्षण आणि मत वेगळ्या परिच्छेदांत असावं.

समोरच्यावर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं अटक वॉरंट असेल, तर संपर्क कामासाठी अत्यावश्यक असेल तेवढाच ठेवायचा, असा संयुक्त राष्ट्रांचा नियम आहे. तिथे मेजवानी, समारंभ, हारतुरे नाहीत.

प्रश्न : राजकीय अधिकारी एवढं लिहितात तरी काय?

उत्तर : रोजचा घटना-अहवाल असतो, आठवड्याचा आढावा असतो, विशेष प्रतिनिधींच्या सहीने न्यूयॉर्कला जाणारी सांकेतिक केबल, म्हणजे गोपनीय संदेश, असते, आणि महासचिवांचा सुरक्षा परिषदेला जाणारा अहवाल असतो. काही मोहिमांत तो दर 90 दिवसांनी जातो. सचिवालयाच्या कागदपत्रांना 8,500 शब्दांची मर्यादा आहे. सगळे विभाग आपापली पानं पाठवतात, त्यातून राजकीय विभाग एक मसुदा बांधतो. तो विशेष प्रतिनिधींकडून न्यूयॉर्कच्या पथकाकडे आणि तिथून महासचिवांच्या कार्यालयाकडे जातो. प्रत्येक टप्प्यावर वाक्यं मवाळ होतात. म्हणून पहिल्या मसुद्यात कोणती तीन वाक्यं काही झालं तरी टिकवायची, ते आधीच ठरवून ठेवावं.

केबल गोपनीय असते, महासचिवांचा अहवाल जाहीर. एकच गोष्ट दोन तऱ्हेने लिहावी लागते. केबलमध्ये : ‘सत्ताधारी आघाडीतला एक गट निवडणूक पुढे ढकलण्याच्या तयारीत असल्याचं एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन स्रोतांनी सांगितलं, आमच्या मते हे संभाव्य आहे.’ जाहीर अहवालात : ‘निवडणूक कायदा ठरलेल्या मुदतीत मंजूर झालेला नाही.’ दुसरं वाक्य कोणी खोडू शकत नाही, आणि ज्याला समजायचं त्याला समजतं.

चुका कुठे होतात? सर्वात नेहमीची म्हणजे घटनांची रास ओतायची आणि अर्थ सांगायचा नाही. वाचणाऱ्याला चार गोष्टी हव्या असतात : काय झालं, आत्ताच का झालं, पुढे काय होऊ शकतं, आणि मोहीम काय करणार आहे. दुसरी चूक राजधानीपुरतं पाहण्याची. पाच-सहा इंग्रजी किंवा फ्रेंच बोलणारे पुढारी सगळ्यांनाच भेटतात, मग सगळ्या दूतावासांचे अहवाल एकमेकांना दुजोरा देताना दिसतात. स्रोत एकच, अहवाल दहा. तिसरी चूक भलत्या समतोलाची. हल्ला एका बाजूने केला असेल तर ‘दोन्ही बाजूंनी संयम पाळावा’ लिहिणं म्हणजे निःपक्षपातीपणा नव्हे. सर्वांना एकच मोजपट्टी लावणं हा निःपक्षपातीपणा, आणि त्या पट्टीत एखादा कमी भरला तर ते लिहावंच लागतं.

कुठे लिहायचं याचंही भान हवं. सुदानमधले विशेष प्रतिनिधी यान प्रोंक यांनी दारफुरमधल्या सरकारी सैन्याच्या पराभवांबद्दल स्वतःच्या ब्लॉगवर लिहिलं, आणि ऑक्टोबर 2006 मध्ये सुदानने त्यांना देश सोडायला सांगितलं.

प्रश्न : शांतता करारात सर्वांना माफी दिली तर युद्ध लवकर संपेल ना? मग संयुक्त राष्ट्रं त्याला विरोध का करतात?

उत्तर : सरसकट माफीला विरोध आहे. बंडखोरीत भाग घेतल्याबद्दल माफी देता येते. वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि युद्धगुन्हे यांना माफी देणाऱ्या कलमाला संयुक्त राष्ट्रं मान्यता देत नाहीत. याचं ठसठशीत उदाहरण सिएरा लिओनचं. 7 जुलै 1999 च्या लोमे करारात बंडखोरांना संपूर्ण माफी होती. महासचिवांचे विशेष प्रतिनिधी फ्रान्सिस ओकेलो यांनी सही करताना हाताने एक ओळ जोडली : आंतरराष्ट्रीय गुन्ह्यांना ही माफी लागू होते असं संयुक्त राष्ट्रं मानत नाहीत. पुढे 2002 मध्ये सिएरा लिओनसाठी विशेष न्यायालय स्थापन झालं तेव्हा ती माफी खटल्याच्या आड आली नाही. करार होत असताना कायदा सल्लागार खोलीत हवा तो यासाठी. पहाटे तीन वाजता, सगळे थकलेले असताना, असं कलम सहज सरकून जातं.

प्रश्न : यजमान सरकारच मोहिमेवर उलटलं तर?

उत्तर : तर मोहीम टिकणं कठीण. मालीच्या परराष्ट्रमंत्र्यांनी 16 जून 2023 ला सुरक्षा परिषदेत मोहीम विनाविलंब मागे घ्या अशी मागणी केली. 30 जूनला ठराव 2690 ने मोहीम संपवली आणि 31 डिसेंबरपर्यंत गाशा गुंडाळायचा होता. दहा वर्षांचा पसारा आणि हाती सहा महिने.

एकेका अधिकाऱ्यावर राग निघतो तेव्हा सरकार त्याला ‘अवांछित व्यक्ती’ ठरवतं. सोमालियाने जानेवारी 2019 मध्ये तिथले विशेष प्रतिनिधी निकोलस हेसम यांना, सुदानने जून 2023 मध्ये तिथले विशेष प्रतिनिधी फोल्कर पेर्टेस यांना तसं ठरवलं. संयुक्त राष्ट्रांचं म्हणणं असं की हा नियम देशांनी एकमेकांच्या राजदूतांसाठी केलेला आहे, संघटनेच्या कर्मचाऱ्यांना तो लागू नाही. कायद्याने बरोबर, पण यजमान देशातलं कोणी भेटायलाच तयार नसेल तर काम होत नाही.

हाताशी उपाय साधे आहेत आणि ते लवकर करावे लागतात. मुदतवाढीच्या ठरावाची तयारी तीन-चार महिने आधी सुरू करावी, सरकारला काय खटकतंय हे मंत्र्यापर्यंत चिघळण्याआधी संचालक पातळीवर काढून घ्यावं, आणि टीकेचा मजकूर प्रसिद्ध होण्यापूर्वी त्यातली तथ्यं सरकारला दाखवावीत. मंजुरी मागू नये, तथ्यांवर उत्तर मागावं. शेजारी देश आणि प्रादेशिक संघटना यांच्याशी वेगळा संवाद ठेवावा, कारण न्यूयॉर्कचा फोन न उचलणारा राष्ट्रप्रमुख शेजाऱ्याचा उचलतो. परिषदेत ठरावाला 15 पैकी 9 मतं लागतात आणि पाच स्थायी सदस्यांपैकी कोणाचा नकाराधिकार नको. ती गणितं न्यूयॉर्क पाहतं, पण त्याला लागणारी माहिती मोहिमेतूनच जाते.

प्रश्न : अंदाजपत्रकाशी राजकीय विभागाचा संबंध काय?

उत्तर : नको इतका. शांतिसेनेच्या मोहिमांचं वर्ष 1 जुलै ते 30 जून, विशेष राजकीय मोहिमांचं, म्हणजे शांतिसेनेऐवजी मुख्यतः वाटाघाटींसाठी नेमलेल्या मोहिमांचं, जानेवारी ते डिसेंबर. पुढच्या वर्षी किती बैठका, किती कार्यशाळा, किती दौरे, हे प्रमुखाला आधी आकड्यांत लिहून द्यावं लागतं. त्यातून एक विकृती येते : मोजता येतं म्हणून कार्यशाळा वाढतात, आणि जी एक गुप्त भेट वर्षाचं सर्वात मोठं काम असते ती तक्त्यात कुठेच दिसत नाही. विभागाने स्थानिक पातळीवरची पाणी-रस्त्याची छोटी कामं सुचवावीत. अशा झटपट प्रकल्पांना साधारणपणे 50,000 डॉलरपर्यंतची मर्यादा असते.

प्रश्न : या कामात यायचं तर शिक्षण आणि अनुभव किती लागतो?

उत्तर : साधारणपणे पदव्युत्तर पदवी आणि संबंधित अनुभव : पी म्हणजे संचालकाच्या खालची व्यावसायिक श्रेणी; पी-3 साठी 5 वर्षं, पी-4 साठी 7, पी-5 साठी 10, डी-1 साठी 15. पदवीच असेल तर आणखी दोन वर्षांचा अनुभव मागतात. 32 वर्षांपर्यंतच्यांसाठी तरुण व्यावसायिकांची परीक्षा असते, पण तिच्यात कोणत्या देशांचे नागरिक बसू शकतात ती यादी दरवर्षी बदलते. संयुक्त राष्ट्रांचे स्वयंसेवक म्हणून मोहिमेत शिरणं हा अनेकांचा मार्ग. इंग्रजीसोबत फ्रेंच असेल तर आफ्रिकेतल्या बऱ्याच मोहिमा खुल्या होतात, अरबी असेल तर आणखी काही.

मुलाखतीत ‘तुम्ही काय कराल’ यापेक्षा ‘तुम्ही काय केलं’ हे विचारतात : प्रसंग, त्यातली तुमची स्वतःची कृती, निष्पत्ती. ‘आम्ही’ म्हणत राहणारे उमेदवार इथे मागे पडतात. बहुतेक ठिकाणी कुटुंब नेता येत नाही आणि कठीण ठाण्यांवर काही आठवड्यांनी सक्तीची विश्रांती असते; ती टाळू नये. अर्जासाठी, मुलाखतीसाठी किंवा प्रशिक्षणासाठी संयुक्त राष्ट्रं एक पैसाही घेत नाहीत. कोणी मागितला तर तो फसवणारा आहे.