‘चिंतनशील सराव’ की ‘मागोवा’?

प्रश्न असा आहे : गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या माकडतापाच्या प्रशिक्षणात आरोग्य, पशुसंवर्धन आणि वन या तिन्ही खात्यांच्या कर्मचाऱ्यांना ‘रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिस’, म्हणजे आपल्याच कामाकडे थांबून पाहण्याची आणि त्यातून शिकण्याची पद्धत, शिकवायची आहे. मसुद्यात तिचे मराठी ‘चिंतनशील सराव’ असे केले आहे. ते चालेल का?

माझ्या मते नाही, आणि खरा घोटाळा ‘सराव’मध्ये आहे. सराव पाढ्यांचा होतो, धावण्याचा होतो. तीच कृती पुन्हा पुन्हा करून हात बसवायचा. इथली प्रॅक्टिस मात्र डॉक्टरची किंवा वकिलाची असते तशी, म्हणजे रोजचे व्यावसायिक काम. अमेरिकी विचारवंत डोनाल्ड शॉन यांनी १९८३ साली ही संकल्पना मांडली, तेव्हा हात बसल्यावर जे आपोआप होऊ लागते त्याकडे थांबून पाहण्यावरच त्यांचा भर होता. म्हणजे ‘सराव’ जवळपास उलटा अर्थ देतो. ‘चिंतन’ला प्रवचनाचा वास येतो. गुरांवरच्या गोचिडी वेचणाऱ्या माणसाला ते आपले काम वाटणार नाही.

‘आत्मपरीक्षण’ मेमो हातात पडल्यावर करतात. ‘फेरविचार’ निर्णयाचा होतो. ‘आढावा’ वरिष्ठ घेतात आणि तो बहुधा आकड्यांचा असतो. ‘मागोवा’ मला सर्वांत जवळचा वाटतो. माग काढत मागे जायचे आणि वाट कुठे फुटली ते पाहायचे. त्यात दोषारोप नाही, आणि तो ज्याचा त्याला घेता येतो.

आढावा आणि मागोवा यांतला फरक याच आजारावर तपासा. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात हा विषाणू प्रथम सापडला. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात साथ आली. चावते ती गोचीड, पण नाव माकडाचे, म्हणून लोक माकडालाच भितात आणि गोठ्याकडे लक्ष जात नाही. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून भोवतालच्या पाचोळ्यात पसरतात. म्हणून मेलेले माकड ही पहिली सूचना.

आढाव्यात विचारतील : गोचीड चावू नये म्हणून अंगाला लावायच्या तेलाच्या बाटल्या किती वाटल्या, रक्ताचे नमुने किती घेतले. मागोव्यातले प्रश्न वेगळे असतात. मेलेले माकड आधी कोणी पाहिले, गुराख्याने की काजू गोळा करणाऱ्या बाईने? तिने कोणाला सांगितले, वनरक्षकाला की आशाताईंना? पशुवैद्यकापर्यंत निरोप जाईतो मृतदेह सडून नमुना वाया गेला का? आणि आम्ही नेमके काय विचारले होते? लाल तोंडाची माकडे आणि काळ्या तोंडाची वानरे दोन्ही या विषाणूने मरतात. ‘माकड मेलं का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर अगदी खरे असेल, आणि तरी रानात वांदर मरून पडलेला असेल. असा धागा आकड्यांच्या तक्त्यात सापडत नाही.

एक अडचण मात्र राहते. शॉन यांनी दोन प्रकार सांगितले : काम झाल्यावरचा विचार आणि काम चालू असतानाचा. ‘मागोवा’ पहिल्यालाच लागू पडतो. दुसऱ्यासाठी ‘भान’ वापरावे : ‘मुलाखत घेताना प्रश्नाच्या शब्दांचे भान ठेवा.’ दोन्हींना एकच शब्द हवा हा हट्ट सोडला तर मराठी वाक्ये सरळ होतात.

जाता जाता : त्याच मसुद्यात ‘वन हेल्थ’ असेही लिहिले आहे. देवनागरीत ते वाचून वनखात्याचा कर्मचारी ‘जंगलाचे आरोग्य’ असा अर्थ लावेल, आणि त्यात त्याची चूक नाही. ‘एक आरोग्य’ लिहा, पहिल्यांदा येईल तिथे ‘माणूस, जनावरे आणि परिसर यांचे’ एवढे जोडा.

मसुद्यातले वाक्य मग असे होईल : ‘प्रत्येक फेरीनंतर तिन्ही खात्यांनी एकत्र बसून अर्धा तास कामाचा मागोवा घ्यावा, आकड्यांचा आढावा वेगळा घ्यावा.’ ‘मागोवा करणे’ नको, मागोवा घेतात.