जुन्या वाड्यांची दगडी ब्रॅकेट वजन घेतात की नुसती शोभेची असतात?

तुमचा प्रश्न असा की कोल्हापुरात जुन्या वाड्यांच्या सज्ज्याखाली आणि देवळांच्या खांबांवर कोरीव दगडी ब्रॅकेट दिसतात, ती खरंच भार पेलतात का, आणि खालून बघून ते ओळखायचं कसं. मी सिव्हिलवाला, गेली वीसेक वर्षं जुन्या घरांच्या दुरुस्त्याच करतोय. खालून बघून बऱ्याचदा कळत नाही, कारण कामाचा भाग दिसतच नाही.

शिवाजी पेठेतल्या एका वाड्याचं सांगतो. सज्ज्याच्या वरची भिंत पावसाळ्यात झिरपायची, म्हणून ती उतरवायचं ठरलं. आमचा म्हातारा मिस्त्री म्हणाला, "सायेब, आधी खालनं टेकू लावा, न्हाईतर सज्जा अंगावर येईल." मी हसण्यावारी नेलं. तीन थर उतरले आणि एका ब्रॅकेटचं नाक बोटभर खाली आलं, सांध्यातला चुना भुरुभुरु गळायला लागला. मग काय, धावाधाव करून टेकू.

ते ब्रॅकेट बाहेर काढलं तेव्हा नीट बघितलं. बाहेरचा भाग सव्वा फूट, त्यावर पोपट आणि टोकाला लोंबतं केळफूल. भिंतीतला भाग दोन फूट, ओबडधोबड, नुसते टाकीचे घाव. खरं ब्रॅकेट ते. सज्जा नाक खाली दाबतो, तशी मागची शेपटी वर उचलू बघते. वरच्या भिंतीचं वजन तिला दाबून धरतं. आम्ही तेच वजन काढत होतो.

आकाराचंही तसंच. मोडायचा जोर सगळ्यात जास्त भिंतीच्या तोंडाशी असतो, टोकाकडे कमी होत जातो. म्हणून ब्रॅकेट भिंतीपाशी जाड आणि पुढे निमुळतं. जिथला दगड काढला तरी चालतो तिथेच पोपट, वेल, केळफूल बसवलेलं असतं. नक्षी करणाऱ्याला वजन कुठून उतरतं ते पक्कं माहीत होतं, माझ्यापेक्षा तरी जास्त.

खांबावरच्या ब्रॅकेटचं काम वेगळं. आपला काळा दगड दाबाला लोखंडासारखा, पण ताणाला कच्चा. दगडी तुळई वाकली की तिची खालची बाजू ताणली जाते आणि तिथूनच ती तडकते. खांबाच्या माथ्यावर दोन्हीकडे हात काढले (देवळांच्या भाषेत त्याला हस्तच म्हणतात) की मधलं मोकळं अंतर घटतं. आठ फुटांचं सहा झालं तर वाकवणारा जोर जवळजवळ निम्म्यावर येतो, कारण तो अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. हेमाडपंती देवळांत खांबावर दोन्ही हातांनी तुळई पेलणारे ढेरपोटे कीचक असतात, ते याच जागी. हाच हिशेब थरावर थर थोडा थोडा पुढे सरकवत नेला की दगडी छत मिटत जातं. खिद्रापूरच्या कोपेश्वर देवळाच्या स्वर्गमंडपात ते मुद्दामच मिटवलेलं नाही, वर गोल आभाळ दिसतं. एकदा दुपारी जाऊन बघा.

आता शोभेची. बदामीचं तिसरं लेणं शके ५०० चं, म्हणजे इसवी सन ५७८. खांबांवर ब्रॅकेट म्हणून काय देखण्या जोड्या आहेत! पण लेणं एकाच कातळात कोरलेलं, तिथे खांब, तुळई, ब्रॅकेट सगळं एकच. बांधीव देवळाची आठवण म्हणून कोरलेली ती, पेलत काही नाहीत. बेलूरच्या देवळातल्या (१११७) छज्जाखालच्या (छपराच्या पुढे आलेल्या दगडी कडेखालच्या) मदनिका, म्हणजे बायकांच्या मूर्ती, वेगळ्या घडवून तिरप्या बसवल्यात. ब्रॅकेटच्या जागी आहेत, पण छज्जाचा भार काही त्या बायकांवर नाही.

उलट फत्तेपूर सिक्रीच्या दिवाण-इ-खासमध्ये एकाच खांबाच्या माथ्यावर ३६ नागमोडी ब्रॅकेट गोलाकार पसरलीत आणि वरचा अख्खा ओटा पेलतात. दिखाऊ म्हणावीत अशी, आणि सगळी कामाची. विजापूरच्या मेहतर महालाच्या खिडक्यांखालची ब्रॅकेट तर सुताराने केली असतील असं वाटतं इतकी नाजूक, आणि आहेत दगडाची. कोल्हापूरहून विजापूरला जाणारे सगळे गोलघुमटात ओरडून परत येतात, हे बघत नाहीत.

तर ओळखायला ब्रॅकेटकडे कमी आणि त्याच्या वर बघा. डोक्यावर तुळई किंवा सज्ज्याची फरशी घट्ट टेकलीय का? मागे जाड भिंत आहे आणि ती वर चढत गेलीय का? तसं असेल तर ते कामाचं धरून चाला. वर फट दिसत असेल तर दोन शक्यता: ते पहिल्यापासून शोभेचं आहे, किंवा खचलंय. भिंतीच्या तोंडाशी, वरच्या अंगाला ताजी चीर असेल तर खचलंय. शेपटीच्या सांध्यात पिंपळ उगवला असेल तर तो नुसता वरून छाटू नका, मुळं तशीच आत फुगत राहतात. आणि वरची भिंत उतरवायची असेल तर आधी टेकू.

आमचं ते ब्रॅकेट चुन्यात परत बसवलं. काढताना पोपटाची चोच तेवढी उडाली.